कंटेनरची ओटी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "बंदराच्या गमती लिहा. बोटींचं लोकांना फार कुतूहल असतं." मी निर्यात विभागात एकवीस वर्षं काढली, पण बोट जवळून पाहिली ती दोनदाच. माझं बंदर म्हणजे वराळ्याच्या कारखान्यामागची सिमेंटची फरशी, तिथे उलटा येऊन लागणारा ट्रेलर आणि फायलींचं एक टेबल. समुद्र घाटाखाली. माल मात्र याच फरशीवरून निघतो, आणि समुद्रापलीकडे ज्या भानगडी होतात त्यातल्या निम्म्याअधिक इथेच सुरू झालेल्या असतात.

गमती आहेत, एखाददुसरी सांगेनही. पण मी लिहायला होकार दिला तो त्यासाठी नाही. किसन नावाच्या एका ड्रायव्हरवर चार वर्षांपूर्वी आळ आला, की त्याने वाटेत कंटेनर उघडला. त्याचं काम गेलं. आळ खोटा होता, आणि तो खोटा आहे हे पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. मी बोललो नाही. ते आता लिहितो आहे.

आधी धंदा थोडा समजून घ्या, नाहीतर माझी लबाडी नीट कळायची नाही.

रिकामा कंटेनर यार्डातून येतो. पहिलं काम म्हणजे आमचा एक माणूस आत जाऊन उभा राहतो आणि बाहेरचे लोक दारं लावून घेतात. आत मिट्ट काळोख. त्या काळोखात कुठे उजेडाचा टिपका दिसला तर तिथे भोक आहे, आणि समुद्राचं पाणी आत शिरणार. टिपका दिसला नाही तर माल भरायचा. आमचा माल म्हणजे पंपांची बिडाची कव्हरं, लाकडी पेट्यांत. पेट्या पट्ट्यांनी आवळायच्या, रिकामा असताना, अर्धा भरल्यावर, पूर्ण भरल्यावर फोटो काढायचे, एक दार लावून फोटो, दोन्ही लावून फोटो. मग सील. सील म्हणजे नंबर कोरलेला बोटाएवढा लोखंडी खिळा, कापल्याशिवाय निघत नाही. तो बसला की परदेशात कापला जाईपर्यंत आत काय आहे ते कोणी बघत नाही. बोटीची कंपनीसुद्धा नाही. तिच्या पावतीवर स्वच्छ छापलेलं असतं, की आत अमुक माल आहे असं पाठवणारा म्हणतो. भरला त्याने, मोजला त्याने, आम्ही पाहिलेला नाही. एवढा मोठा व्यापार पाठवणाऱ्याच्या शब्दावर चालतो. म्हणूनच या धंद्यात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघत असतो.

दुसरी गोष्ट, जबाबदारी कुठे संपते ती. तिच्यासाठी तीन-तीन अक्षरांच्या अटी असतात. आमचे सोपानआबा, वराळ्याचेच, माल भरणाऱ्या टोळीचे मुकादम. त्यांनी एकदा मला विचारलं, "सायेब, ह्ये येफोबी येफोबी काय आसतंया?" मी बोट, क्रेन, धोका असं बरंच काही सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी लेकीला यष्टीत बशिवलं की आपलं संपलं. म्होरं तिच्या सासरच्यांनी बघायचं."

"बरोबर. आणि सीआयएफ म्हणजे तिकीट आणि विमा आपण काढायचा, पण—"

"पर यष्टी पल्टी झाली तर रडायचं त्येंनीच. आलं ध्यानात."

नव्या मुलांना मी पुढे हेच शिकवलं.

अटी न वाचता सही करणारे शहाणेही बघितले. मळवलीला बंगला बांधलेल्या एका गृहस्थांनी इटलीतून दगडी टब मागवला होता. सहा महिने टब येईना. कोणाच्या तरी ओळखीने कागद घेऊन माझ्याकडे आले. "फसवलं हो मला!" फसवलं कोणीच नव्हतं. 'एक्स वर्क्स' या अटीवर घेतलेला टब विकणाऱ्याच्या दारात पडून होता, अटीप्रमाणे अगदी बरोबर जागी. तिथून उचलायचा होता यांनी. ते मला म्हणाले, "पण त्यांनी सांगायला नको?" मी हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

तर, ती गोष्ट.

मला निर्यातीचा प्रमुख केलं त्या पावसाळ्यात एक नवं गिऱ्हाईक मिळालं होतं. दक्षिणेकडचा लांबचा देश, शेतीच्या बाबतीत विलक्षण कडक. त्यांनी आधीच एक कागद पाठवला होता: कंटेनरमध्ये माती, पेंढा, पानं, बी-बियाणं, काहीही सापडता कामा नये. तो कागद मीच मराठीत लिहून फरशीजवळच्या भिंतीवर चिकटवला. टोळीतल्या एकाच्या बुटाला भाताच्या पेंढ्याची काडी चिकटली होती, तर त्याला मी परत पाठवून बूट धुवायला लावले. "लयच सोवळं हाय की ह्ये," आबा म्हणाले होते.

त्या सकाळी घरातून निघताना बायकोने, शैलाने, डब्याच्या पिशवीत एक पुडकं ठेवलं. नारळ, हिरवा खण, हळकुंड, सुपारी आणि मूठभर तांदूळ. तांदूळ तिच्या माहेरचा, पवन मावळातला, गेल्या सालचा इंद्रायणी. म्हणाली, "तुमच्या हातची पहिली पाठवणी आहे. रिकाम्या ओटीने नका पाठवू."

मी नाही म्हणालो नाही. वाचणाऱ्याला वाटेल, एवढा कागद भिंतीवर चिकटवणारा माणूस, त्याला कळू नये? मलाही तेच वाटतं. पण खरं सांगतो, त्या कागदावर 'बी-बियाणं' लिहिलं होतं आणि ओटीतला तांदूळ मला बी वाटलाच नाही. नारळ मला झाडाचं फळ वाटला नाही. तो देवाचा होता. देवाचं ते नियमात कुठे येतं?

पूर्ण भरल्याचा आणि एक दार लावल्याचा फोटो झाला. मी टोळीला चहाला पाठवलं. शेवटच्या पेटीमागे, दाराशी, हातभर फट राहते. तिथे खण अंथरला, त्यावर नारळ ठेवला, तांदूळ वाहिले, हात जोडले. वळलो तर सोपानआबा डाव्या दाराला टेकून उभे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि उघडं दार लोटलं. सील मी लावलं.

ट्रेलरवर किसन होता. तिकोणा पेठेचा, चाळिशीच्या आतला, शिस्तीचा माणूस. सीलचा नंबर तो स्वतः दोनदा वाचून बघायचा. "निगतो सायेब," म्हणाला आणि अकराच्या सुमाराला फाटकाबाहेर पडला.

सात आठवड्यांनी मेल आला. कंटेनर अडकवला आहे. आत कुजलेलं फळ, धान्य आणि धान्यात जिवंत किडे. अख्खा कंटेनर औषध मारून बंद ठेवला आहे, गिऱ्हाइकाचं काम थांबलं आहे, आणि हे आत कसं गेलं याचा लेखी खुलासा हवा.

मॅनेजरांच्या खोलीत मोठ्या पडद्यावर फोटो लावले. खणाचा हिरवा रंग काळपट झाला होता. नारळ काळा पडला होता. कारखान्याच्या सुरक्षेचे प्रमुख शितोळे, निवृत्त फौजदार, पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"ही ओटी आहे," ते म्हणाले.

आता विचारतील, आता बोलायचं, असं मी मनाशी ठरवतही होतो. पण शितोळे माझ्याकडे वळलेच नाहीत.

"पूर्ण भरल्याच्या फोटोत ही नाही. म्हणजे नंतर ठेवलीय. गाडी कुठे थांबली होती?"

गाडीच्या जीपीएस यंत्रावरून निघालं: लोणावळ्याला, घाट उतरायच्या आधी, पन्नास मिनिटं.

"बघा. कार्ला मागेच. देवीला गेला असणार. तिथली ओटी आत ठेवली. आणि ओटी ठेवायला दार उघडलं, तर अजून काय काय ठेवलं नि काढलं, देव जाणे."

"पण सील शाबूत होतं," मॅनेजर म्हणाले.

"साहेब, सील न तोडता दाराचा दांडा काढणारे मी माझ्या हाताने धरलेत."

आणि ते तिथेच बसलं. शंका एकदा खोलीत आली की तिला खुर्ची द्यावी लागत नाही, ती आपली जागा शोधते. मॅनेजरांना ते सोयीचंच होतं. आमची अट एफओबी. बोटीवर चढेपर्यंत जबाबदारी आमची, पण फाटकाबाहेर काही घडलं असेल तर ती वाहतूकदाराच्या गळ्यात घालता येत होती. फाटकाच्या आत घडलं असेल तर ती माझ्या गळ्यात.

किसनला बोलावलं. तो आला तो पायातल्या चपला दाराबाहेर काढून. मी शितोळ्यांच्या शेजारी बसलो होतो.

"लोणावळ्याला का थांबलास?"

"धुकं व्हतं सायेब. म्होरचं बानेट दिसंना. वजनाची गाडी, तशा धुक्यात घाटात घालत न्हाई मी."

"पन्नास मिनिटं?"

"त्ये धुक्याला इचारा."

"उलट बोलू नकोस. पुरावा काय?"

"धुक्याची पावती कुटं मिळती सायेब?"

मॅनेजर जरा हसले. शितोळे हसले नाहीत. "नारळ वाहतोस का तू?"

"व्हय. घाटाच्या तोंडाशी. दर खेपंला. गाडी चालवनारा कोन न्हाई वाहत?"

"त्या दिवशी वाहिलास?"

"वाहिला की. रस्त्याच्या कडंला फोडला, खोबरं खाल्लं. डब्यात कशापायी ठिवू? डबा माझा हाय व्हय?" मग तो माझ्याकडे वळला. "सायेब, तुमी सांगा की. सील तुमी लावलंत. म्या पोचवलं तवा जसंच्या तसं व्हतं, बंदरातल्यांनी बघितलंय. सांगा ना."

मी समोरच्या कागदावर बघत म्हणालो, "सील शाबूत होतं, एवढी नोंद आमच्याकडे आहे."

एवढंच. 'आमच्याकडे आहे.' ओटी मी ठेवली, हे तीन शब्द होते. ते निघाले नाहीत.

खुलाशाचा मसुदा मलाच करायला सांगितला. मी या कामात मुरलेला. मी लिहिलं की कारखान्यात माल भरताना असा कोणताही पदार्थ आत नव्हता, फोटो सोबत जोडले आहेत; वाहन लोणावळ्यानजीक पन्नास मिनिटं थांबलेलं आढळतं; त्या दरम्यान कंटेनर उघडला गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. या शेवटच्या वाक्यात किसनचं नाव नाही. खोटंही नाही म्हणता येणार. शक्यता कोणतीच कधी नाकारता येत नाही. मॅनेजर म्हणाले, "छान. नेमकं लिहिलंत." त्या वाक्याच्या जोरावर वाहतूकदाराने किसनला काढलं आणि त्याचा फोटो वाहतूकदारांच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर त्याला कोणी कंटेनर दिला नाही.

घरी शैलाने विचारलं, "तो पहिला कंटेनर पोचला का हो नीट?"

"पोचला."

त्यानंतर मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. शितोळे कॅन्टीनमध्ये शेजारी येऊन बसले की वाटायचं, याला कळलंय. कोणी फोनवर बोलताना आवाज खाली केला की वाटायचं, माझंच चाललंय. शैलाने देवापुढे नारळ ठेवला तरी मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो, की ही मला काही सुचवते आहे का. बिचारीला काहीच माहीत नव्हतं. सोपानआबांना मात्र माहीत होतं. त्यांच्याकडे बघायचं मी टाळायला लागलो. त्यांची टोळी दुसऱ्या शेडला नेता येईल का, हेसुद्धा मी एकदा मॅनेजरांकडे हळूच काढलं होतं. हे लिहू नये असं वाटतं, म्हणून लिहितो.

यंदा उन्हाळ्यात आबांनी काम सोडलं. गुडघे गेले होते. निरोपाचा हार गळ्यात तसाच ठेवून ते माझ्या टेबलापाशी आले.

"येतो सायेब."

"या आबा. काही लागलं तर सांगा."

ते गेले नाहीत. म्हणाले, "मला काय लागनार? म्या चार वरीस थांबलतो, तुमी बोलाल म्हनून."

"तुम्ही का नाही बोललात?"

"ठिवलं तुमी. म्या बोललो आस्तो तर ती चुगली झाली आस्ती. तुमी बोललं तर ते खरं झालं आस्तं." आणि हार काढून माझ्या फायलींवर ठेवून गेले.

त्या आठवड्यात शैलाला सांगितलं. ती म्हणाली, "तांदूळ माझा होता. मला का नाही सांगितलंत? मी जाऊन सांगितलं असतं." मी मॅनेजरांना लेखी दिलं. ते वाचून म्हणाले, "फाइल बंद झालीय. गिऱ्हाईक अजून माल घेतंय. कशाला उकरता?" कागद मात्र त्यांनी ठेवून घेतला. वाहतूकदाराला पत्र पाठवलं. माझा राजीनामा कोणी मागितला नाही, मीही दिला नाही. मी अजून त्याच टेबलावर बसतो. हेही लिहून ठेवतो.

मग एका रविवारी सकाळी तिकोणा पेठेला गेलो.

किसन आता पवनेच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू ठोकतो. त्या दिवशी घरीच होता, अंगणात दोऱ्या सोडवत बसला होता. मला ओळखलं. "या" म्हणाला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा 'शक्यता' वगैरे बोललो असतो.

त्याच्या हातातली दोरी थांबली. रागावेल, मारेल, असं वाटलं होतं. तो वळून घराकडे बघून ओरडला, "हिरा! भाईर ये."

त्याची बायको ओले हात पदराला पुसत आली.

"सांगा," किसन म्हणाला. "मला नगं. मला ठावंच व्हतं, म्या उघडला न्हाई त्ये. तिला सांगा."

मी पुन्हा सांगितलं. हिराबाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी ह्येंनी काईच क्येलं न्हवतं?"

"नाही."

"आन् मी चार वरीस ह्येंचं खिसं बघतीया." त्या माझ्याशी नव्हत्या बोलत. "बाजारला धाडलं तरी परत आल्यावर पिशवी मोजतीया. ह्ये बघत्यात, काय बोलत न्हाईत."

किसनने मान वळवली. हिराबाई आत गेल्या. मला वाटलं संपलं. त्या चपला घालून बाहेर आल्या.

"चला."

"कुठे?"

"आळीला सांगा. मला सांगून काय हुतंय? आळ घरात बसून आला व्हता का?"

आळीत नऊ घरं. प्रत्येक दारात हिराबाई पुढे, मी मागे, किसन चार पावलं लांब. त्या हाक मारायच्या, माणसं बाहेर आली की बाजूला होऊन म्हणायच्या, "सांगा सायेब." मी सांगायचो. पहिल्या दोन घरांत मी कंटेनर, सील, खुलासा असं सगळं सांगत बसलो. तिसऱ्या घरी एक म्हातारी म्हणाली, "आरं पर कुनी ठिवलं त्ये सांग की." मग पुढे मी तेवढंच सांगत गेलो: ओटी मी ठेवली, नाव याचं आलं, मी गप्प बसलो. कोणी 'बरं' म्हणालं. एक जण किसनकडे बघून म्हणाला, "आमी कुटं काय म्हनत व्हतो?" हिराबाई म्हणाल्या, "तूच तर म्हनत व्हतास."

शेवटचं घर किसनच्या थोरल्या भावाचं, मारुतीचं. त्या वाहतूकदाराकडे किसनला लावलं होतं ते त्यानेच, स्वतःच्या शब्दावर. आळ आल्यावर त्याने बोलणं टाकलं होतं. दोन घरांच्या मधे काटेरी तार घातली होती. दाराला कडी होती. तो रानात गेला होता.

"पुन्हा येतो मी," मी म्हणालो.

"थांबा," हिराबाई म्हणाल्या.

आम्ही त्याच्या ओट्याच्या पायरीवर बसलो. किसन तारेपलीकडे, आपल्याच अंगणात उभा राहिला. दुपार चढायला लागली तेव्हा मारुती आला. खांद्यावरचं खोरं खाली ठेवलं, पायांवर पाणी ओतलं, आणि न बसता माझं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही किसनकडे बघितलं नाही.

मग विचारलं, "तवाच का न्हाई बोल्लात?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"नोकरी जाईल म्हणून."

तेव्हा त्याने तारेपलीकडे, भावाकडे बघितलं.

"मग ग्येली की," तो म्हणाला. "ह्याची."